प्यादी नीट मांडा, मगच तलवार काढा: ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये पॉन घेऊन कसं लढायचं

ड्रॅगन्स डॉग्मा २ हा व्हिडिओ गेम खेळायला घेतल्यावर सुरुवातीचे कितीतरी तास मी चार जणांची टोळी घेऊन एकटाच लढत होतो. तिघं साथीदार आजूबाजूला होते, ओरडत होते, शस्त्रं फिरवत होते. पण माझं सगळं लक्ष माझ्या तलवारीवर आणि माझ्याच हेल्थ बारवर. कोणी पडलं की उठवायचं, नाही उठलं की दुसरा आणायचा, एवढाच त्यांच्याशी संबंध. मग एका ग्रिफिनने, म्हणजे पंख असलेल्या अवाढव्य राक्षसाने, आम्हाला लागोपाठ चार वेळा लोळवलं. पाचव्या वेळी मी वैतागून वार करणंच सोडलं आणि लांब उभं राहून नुसतं बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं की तिघंही आपापलं काम बऱ्यापैकी करत होते. माझं काम मात्र कोणीच करत नव्हतं.

ते काम कोणतं आणि ते पायरीपायरीने कसं करायचं, ते सांगतो.

आधी एवढं समजून घ्या

कॅपकॉमचा हा गेम २२ मार्च २०२४ रोजी पीसी, प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस वर आला. तुम्ही त्यात अराइझन असता, म्हणजे ड्रॅगनने ज्याचं काळीज काढून नेलंय असा माणूस. अराइझनच्या मागे पॉन चालतात. पॉन म्हणजे बुद्धिबळातलं प्यादं, आणि हे नाव नुसतं शोभेला दिलेलं नाही. एक मुख्य पॉन तुम्ही स्वतः घडवता. उरलेले दोन इतर खेळाडूंनी घडवलेले, तुम्ही तात्पुरते सोबत घेतलेले. एकूण टोळी चौघांची.

काही गेममध्ये वेळ थांबवून प्रत्येक साथीदाराला वेगळा हुकूम देता येतो, किंवा तुम्ही त्याच्या अंगात शिरून त्यालाच चालवू शकता. इथे तसलं काही नाही. वेळ थांबत नाही, पॉनचा ताबा मिळत नाही, अमक्याने तमक्यावर तमका मंत्र टाकावा असं सांगायची सोय नाही. तुमच्या हातात आहेत फक्त चार हाका. म्हणून पुष्कळ जण म्हणतात की पॉन ऐकतच नाहीत. मला ते पटत नाही. पॉनना मारता येतं, बरं करता येतं, राक्षसाच्या पाठीवर चढता येतं, उंचावरून पडणाऱ्या तुम्हाला कधीकधी झेलताही येतं. लढायचं कुठे, सुरुवात कधी करायची, आणि पळायचं कधी, एवढंच त्यांना ठरवता येत नाही. ते तुमचं काम. आणि त्यातलं निम्मं काम शत्रू दिसायच्या आधीच उरकलेलं असतं.

पायरी १: मुख्य पॉनला कोणता पेशा द्यायचा

पॉनना सहाच पेशे मिळतात: फायटर, आर्चर, थीफ, मेज (बरं करणारा जादूगार), वॉरियर आणि सॉर्सरर (हल्ल्याचे मंत्र टाकणारा जादूगार). मिस्टिक स्पिअरहँड, मॅजिक आर्चर, ट्रिकस्टर आणि वॉरफेअरर हे चार फक्त अराइझनसाठी राखीव. त्यामुळे पॉनमध्ये जादूने जखमा भरून काढणारा एकटा मेजच उरतो.

पहिल्यांदाच खेळत असाल तर मुख्य पॉन मेज करा. कारण साधं आहे. मुख्य पॉन तुमच्याबरोबर लेव्हल वाढवतो आणि त्याचं सामान, स्किल सगळं तुमच्या हातात असतं. तात्पुरते पॉन बदलत राहणार. टोळीत ज्याच्यावाचून चालणारच नाही ते काम बदलत्या माणसावर कशाला सोडायचं? तुम्ही स्वतः मॅजिक आर्चर किंवा मेज खेळणार असाल तर गोष्ट वेगळी. मग मुख्य पॉन फायटर करा आणि त्याला पुढे उभा करा.

पॉन घडवताना त्याचा स्वभावही निवडावा लागतो. चार स्वभाव आहेत, आणि त्यांच्या नावांचा अर्थ साधारण असा लावता येईल: सरळसोट, शांत, कनवाळू आणि साधाभोळा. सरळसोट पॉन समोर दिसेल त्यावर तुटून पडतो. शांत पॉन अंतर राखून, अंदाज घेत लढतो. कनवाळू पॉन तुमच्या आसपास राहून मदतीला धावतो. साधाभोळा पॉन वाटेतलं सामान गोळा करण्यात जास्त रमतो. मेजला कनवाळू, आर्चर आणि सॉर्सररला शांत, फायटर, वॉरियर आणि थीफला सरळसोट, हा ठोकताळा बहुतेक वेळा चालतो. सरळसोट मेज मात्र करू नका. तो हातात काठी घेऊन गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांच्या घोळक्यात शिरतो, आणि बरं करणाराच आधी जमिनीवर झोपतो.

पायरी २: स्किल कमी करा

हा सल्ला उलटा वाटेल, पण माझ्या मते पॉनच्या बाबतीत सर्वांत जास्त फरक यानेच पडतो.

पॉनला चार शस्त्र-स्किल लावता येतात, म्हणून सगळे चार लावतात. पण त्या चारांतून कोणतं कधी वापरायचं हे पॉन ठरवतो, तुम्ही नाही. मेजला शस्त्रावर आग चढवणारा मंत्र दिलात, बर्फाचा दिलात, विजेचा दिलात, आणि वर एक हल्ल्याचा मंत्र दिलात, तर भर लढाईत त्याने काय टाकावं याचा तुम्हाला भरवसा उरत नाही. तुमचा हेल्थ बार रिकामा होत असतो आणि तो शांतपणे थीफच्या खंजिरावर बर्फ चढवत बसतो. चूक त्याची नाही. तुम्ही त्याच्यापुढे चार दारं उघडी ठेवलीत. तो त्यातल्या एकातून गेला.

म्हणून प्रत्येक पॉनला एक मुख्य काम द्या आणि त्या कामात आडवी येणारी स्किल काढून टाका. माझ्या मेजकडे तीन गोष्टी कायम असतात. सोबत्यांभोवती संरक्षक कवच उभं करणारं पॅलेडियम, हालचाल जलद करणारी सेलेरिटी, आणि विष, गुंगी असल्या बाधा उतरवणारं हॅलिडम. चौथी जागा शस्त्रावर आग, बर्फ किंवा वीज चढवणाऱ्या एका मंत्रासाठी, तोही ज्या भागात जायचंय तिथल्या प्राण्यांकडे बघून. जखमा भरणारं ॲनोडाइन हे मेजचं मूळ स्किल असल्याने त्याला या चारांतली जागा द्यावी लागत नाही. मेजकडे हल्ल्याचा एकही मंत्र नसेल तर तो निरुपयोगी होईल अशी भीती वाटते. होत नाही. उलट त्याला करण्यासारखं दुसरं काही उरत नसल्यामुळे तो तुमच्याकडे बघतो.

सॉर्सररचंही असंच. मेटिओरॉनसारखे अवाढव्य मंत्र दिसायला भन्नाट आहेत, पण ते टाकायला इतका वेळ लागतो की छोट्या चकमकी तोवर संपून जातात. मोठ्या शिकारीला निघताना लावा, रोजच्या वाटचालीत काढून ठेवा. थीफ आणि फायटरच्या बाबतीत एवढा विचार करायची गरज नाही. त्यांची बरीचशी स्किल एकाच दिशेने जाणारी आहेत.

पॉनना याशिवाय एक खास कसबही शिकवता येतं, एका वेळी एकच. लढाईच्या दृष्टीने त्यातलं कामाचं म्हणजे औषधं वापरून सोबत्यांना बरं करायचं कसब. ते मेजला न देता थीफ किंवा आर्चरला द्या. म्हणजे मेज पडला तरी टोळीत एक वैद्य शिल्लक राहतो. अर्थात त्याच्या पिशवीत औषधं ठेवायला विसरू नका. मी विसरलो होतो.

पायरी ३: उरलेले दोघं निवडताना

रस्त्यात भेटणारे पॉन थेट सोबत घेता येतात, किंवा रिफ्टस्टोनपाशी, म्हणजे पॉनच्या दुनियेशी (रिफ्टशी) जोडणाऱ्या दगडापाशी, जाऊन लेव्हल, पेशा, स्वभाव आणि स्किल यांवरून शोधता येतात. तुमच्याइतक्या किंवा कमी लेव्हलचा पॉन फुकट. वरच्या लेव्हलचा हवा असेल तर रिफ्ट क्रिस्टल हे गेममधलं चलन मोजावं लागतं.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवायच्या. हे पॉन तुमच्याबरोबर असताना लेव्हल वाढवत नाहीत. आणि त्यांची शस्त्रं, चिलखत, स्किल तुम्हाला बदलता येत नाहीत. जसा घेतला तसाच तो राहणार. म्हणजे तुम्ही वाढत जाता आणि ते तिथेच थांबतात. चार-पाच लेव्हल पुढे गेलात की बदला. जीव लावून एकाच पॉनला महिनाभर फिरवणारे लोक मी पाहिलेत. मीही एका आर्चरला असाच धरून बसलो होतो आणि तिचे बाण शेवटी शेवटी शत्रूला गुदगुल्या करत होते.

निवडताना आपल्या टोळीत काय नाही ते बघा. शत्रूचं लक्ष स्वतःकडे ओढून घेणारा कोणी आहे का? हवेत उडणाऱ्याला खाली आणणारा कोणी आहे का? शस्त्राने न मरणाऱ्याला मारणारा कोणी आहे का? बरं करणारा आहे का? चौघांत मिळून या चारही प्रश्नांना उत्तर मिळालं की झालं. तुम्ही फायटर असाल, मुख्य पॉन मेज असेल, तर आर्चर आणि सॉर्सरर घ्या. तुम्हीच आर्चर असाल तर एक फायटर आणि एक सॉर्सरर. दोन मेज घ्यायचा मोह होतो, पण दुसऱ्या मेजने लढाई सुरक्षित होण्यापेक्षा लांबतच जास्त, आणि लांबलेली लढाई या गेममध्ये महाग पडते. का, ते पुढच्याच पायरीत.

एक छोटी युक्ती: पॉनने त्याच्या मूळ मालकासोबत ज्या प्राण्यांशी लढाई केलेली असते, त्यांच्याबद्दलचं ज्ञान तो बरोबर आणतो. त्याच्या बिल्ल्यांवरून कोणत्या शत्रूचा त्याला सराव आहे ते कळतं. ग्रिफिनच्या मागे निघाला असाल तर ग्रिफिन पाहिलेला पॉन घ्या. तो लढताना जे बडबडतो ते खरंच ऐकण्यासारखं असतं. एरवीच्या बडबडीबद्दल मी काही बोलणार नाही.

पायरी ४: निघण्याआधी

अंगाला मार लागला की हेल्थ बार तर कमी होतोच, पण बारची कमाल मर्यादाही थोडी थोडी खाली सरकते. हा गेलेला भाग मेजच्या मंत्राने भरत नाही. त्यासाठी बहुतेक वेळा खाणावळीत किंवा कॅम्प टाकून झोपावं लागतं. पॉनच्या बाबतीतही हेच. सकाळी निघालेली धडधाकट टोळी संध्याकाळपर्यंत सगळे बार हिरवे दिसत असूनही निम्म्या ताकदीची झालेली असते, आणि नेमका तेव्हा अंधार पडतो. रात्री हाडांचे सापळे आणि इतर मुडदे बाहेर पडतात, कंदिलाबाहेर काही दिसत नाही. म्हणून चौघांच्या बारकडे बघायची सवय लावा. दोघांची मर्यादा एक तृतीयांशाने घटली असेल तर मोठ्या प्राण्याला हात घालू नका; आधी झोपा. कॅम्पिंग किट जड असतं म्हणून घरी ठेवून येऊ नका. कॅम्प टाकण्याआधी आजूबाजूचा परिसर मोकळा करून घ्या, झोपेत हल्ला होऊ शकतो.

ओझं जितकं जास्त तितकं तुमचं पळणं मंद आणि स्टॅमिना भरायला उशीर. सामान पॉनमध्ये वाटून द्या, पण सगळं एकाच्या डोक्यावर टाकू नका. मोळी वाहणारा फायटर राक्षसाच्या पायाखालून वेळेत बाजूला होत नाही.

पायरी ५: चार हाका

कंट्रोलरच्या डी-पॅडवर (चार दिशांच्या बटणांवर) चार हुकूम आहेत: पुढे व्हा, माझ्याकडे या, थांबा, मदत करा. लोक यातली पहिली सतत दाबतात आणि बाकीच्या विसरून जातात. मी नेमकं उलट करायला सांगेन.

‘पुढे व्हा’ ही हाक दिल्यावर पॉन आपणहून शत्रूवर चढाई करतात. लढाई सुरू झाल्यावर हे ते तसेही करतातच. त्यामुळे हिचा खरा उपयोग दोन ठिकाणी: तुम्हाला मागे राहून नेम धरायचा असतो तेव्हा, आणि शत्रू कोसळून पडलेला असतो तेव्हा. लढाईबाहेर मात्र ती फार कामाची. एखादा पॉन म्हणाला की मला वाट माहीत आहे, तर ही हाक द्या, तो पुढे चालायला लागतो.

‘माझ्याकडे या’ ही या गेममधली सर्वांत महत्त्वाची हाक आहे, आणि सर्वांत दुर्लक्षित. पॉनना कडा दिसत नाही. खोल पाणी दिसत नाही, म्हणजे दिसतं पण लढताना भान राहत नाही. खोल पाण्यात ब्राइन नावाचं लालसर काहीतरी राहतं. त्यात पडलेला पॉन परत येत नाही, थेट रिफ्टमध्ये जातो. नदीकाठी किंवा दरीच्या तोंडाशी चकमक सुरू झाली की पहिली गोष्ट म्हणजे स्वतः वीस-तीस पावलं मागे पळा आणि ही हाक द्या. पॉन तुमच्यामागे येतील, शत्रू पॉनच्या मागे येईल, आणि लढाई तुम्ही निवडलेल्या जागेवर होईल. ड्रॅगन आग ओकायला मान मागे घेतो तेव्हाही हीच हाक, आणि तुम्ही तोवर त्याच्या बाजूला पोचलेले असायला हवं. पॉन तुमच्याकडे येणार आहेत, तेव्हा तुम्ही कुठे उभे आहात यालाच अर्थ आहे.

‘मदत करा’ म्हटल्यावर मेज बरं करायला किंवा शस्त्र भारायला वळतो. ही हाक तब्येत अर्ध्यावर आली की द्या, अगदी शेवटाला नको. मंत्र म्हणायला वेळ लागतो, त्या वेळात तुम्ही टिकलं पाहिजे. आणि हाक दिल्यावर लांब पळून जाऊ नका. ॲनोडाइनचा परिणाम ठरावीक आवारातच होतो, तेव्हा त्या प्रकाशात जाऊन उभे राहा. मी कितीदा तरी मंत्र सुरू झाल्यावर त्यातून बाहेर पळत पळत मेलोय.

‘थांबा’ लढाईत क्वचितच लागते. चोरपावलाने पुढे जाऊन पाहणी करायची असेल तेव्हा.

पायरी ६: एक सायक्लॉप्स, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका शिकारीवरून बघू. सायक्लॉप्स हा एकडोळ्या राक्षस यासाठी उत्तम, कारण तो मोठा आहे, मंद आहे, आणि चुका माफ करतो.

दिवसा तो कधीकधी झोपलेला सापडतो. दिसल्याबरोबर धावू नका. आधी सभोवार नजर टाका: बाजूला गॉब्लिन आहेत का, पाणी आहे का, कडा कुठल्या बाजूला आहे. गॉब्लिन असतील तर ते आधी. मोठ्या प्राण्याशी लढताना पॉनचं लक्ष लहानसहान शत्रूंकडे वळलं की टोळीचे दोन तुकडे होतात, आणि मेज नेमका चुकीच्या तुकड्याबरोबर जातो.

मैदान मोकळं झालं की लक्ष ओढणाऱ्याला काम करू द्या. तुम्ही फायटर असाल तर तो तुम्हीच. सायक्लॉप्सच्या समोर उभे राहा, अगदी पायाशी नको, हाताच्या टप्प्याच्या कडेला. तो तुमच्याकडे वळला की सॉर्सरर आणि आर्चरला त्याची पाठ किंवा बाजू मिळते. इथे नवशिक्याचा हात शिवशिवतो: आपणही मारावं. मारा, पण जागा सोडू नका. तुम्ही गोल फिरायला लागलात की तोही फिरतो, आणि त्याचा हात मागे उभ्या असलेल्या मेजवरून जातो. टोळीतला सगळ्यात नाजूक माणूस कुठे आहे ते बघून शत्रूचं तोंड त्याच्या विरुद्ध दिशेला ठेवणं, हे तुमचं खरं काम. वारांचा हिशोब पॉन करतील.

पायांवर वार होत राहिले की त्याचा तोल जायला लागतो. तो एका पायावर डगमगताना दिसला की वार थांबवा आणि पकडायचं बटण दाबून त्याचा पाय ओढा किंवा ढकला. तो धडाम्‌कन पडतो. आता ‘पुढे व्हा’. सगळे एकदम तुटून पडतात, आणि तुम्ही डोळा गाठा. त्याचा एकच डोळा हीच त्याची दुखरी जागा. तो उठायला लागला की हाव सोडा, पुन्हा जागेवर. दोनदा-तीनदा असं झालं की खेळ संपतो. दरीच्या काठावर पाडलात तर तो पलीकडच्या काठावर हात टेकून पुलासारखा आडवा होतो आणि त्याच्या अंगावरून पलीकडे जाता येतं. एकदा तरी करून बघा, पण पॉनना आधी जवळ बोलावून.

अंगावर चढायचं का? चढायला मजा येते, आणि थीफला तर त्यातच रस असतो. पण स्टॅमिना झपाट्याने जातो, आणि वर लटकलेले असताना खाली काय चाललंय ते दिसत नाही. टोळीतला कोणीतरी शत्रूचं लक्ष धरून असेल तरच चढा.

शेवटी पॉन टाळी द्यायला हात वर करतो. द्या टाळी.

पायरी ७: बाकीचे प्राणी, थोडक्यात

ग्रिफिन उडतो, म्हणून तो पायांवर असतानाच सगळं करायचं. त्याला आग लागते. पंखांनी पेट घेतला की तो खाली येतो. म्हणून ग्रिफिनसाठी निघताना मेजच्या चौथ्या जागेत आगीचा मंत्र. त्याच्या अंगाला लटकून राहिलात तर तो तुम्हाला घेऊन उडून जातो, पॉन खालीच राहतात, आणि उतरल्यावर तुम्ही अनोळखी डोंगरात एकटे. माझ्या त्या चार पराभवांपैकी दोन असेच.

किमेरा म्हणजे सिंहाचं अंग, पाठीवर बोकडाचं डोकं आणि शेपटीच्या जागी साप. बोकड मंत्र टाकतो, म्हणून तो आधी. आर्चर असेल तर तो आपणहून तिकडे नेम धरतोच. सापाची शेपटी तोडता येते.

गोलेम या दगडी राक्षसावर जादूचा उपयोग नाही. अंगावर चमकणाऱ्या चकत्या एकेक करून फोडाव्या लागतात, तेही शस्त्राने. दोन जादूगार घेऊन गेलात तर सरळ परत फिरा. याउलट चिकट गोळ्यांवर आणि भुतांवर नुसतं लोखंड चालत नाही. तिथे जादू हवी किंवा मंत्राने भारलेलं शस्त्र. भिजलेल्या शत्रूवर वीज अधिक लागते, म्हणजे पाण्याकाठच्या सरड्यासारख्या सॉरियनसाठी विजेचा मंत्र. त्यांची शेपटी हा त्यांचा कच्चा दुवा.

पायरी ८: सगळं विस्कटलं तर

पॉन पडला की काही काळ तो जागेवर असतो; जवळ जाऊन हात लावला की उठतो. वेळ उलटून गेली की रिफ्टमध्ये परत जातो. मुख्य पॉन रिफ्टस्टोनपाशी पुन्हा बोलावता येतो, पण बाकीचे दोघं गेले की पुन्हा शोधून घ्यावे लागतात.

दोन पॉन एकदम पडले तर कोणाला उठवायचं? मेजला, मग तो शत्रूच्या पायाखाली का असेना. फरक इतकाच की सरळ धावत जायचं नाही. आधी शत्रूला तिथून दूर ओढायचं, मग वळसा घालून परत यायचं. तिघंही पडले तर उठवत बसू नका. पळा. एकट्याने मोठा प्राणी संपवल्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण ती वेगळी कला आहे. तुम्हीच पडलात तर वेकस्टोन असेल तरच जिवंत होता येतं. वेकस्टोनचे तीन तुकडे गोळा केले की एक अख्खा बनतो. एक तरी कायम जवळ ठेवा.

पायरी ९: ड्रॅगनचा रोग

पॉनना ड्रॅगन्सप्लेग नावाची बाधा होऊ शकते, ड्रॅगनशी लढताना किंवा बाधा झालेल्या दुसऱ्या पॉनकडून. लक्षणं हळूहळू दिसतात: पॉन हुकूम टाळतो, उर्मट बोलतो, डोकं धरतो, डोळे लाल चमकतात. दुर्लक्ष करून वस्तीतल्या खाणावळीत झोपलात तर एक दिवस सकाळी त्या वस्तीतली माणसं मेलेली असतात. नंतरच्या एका अपडेटमध्ये बाधा होण्याचं प्रमाण कमी केलं गेलं, लक्षणंही अधिक ठळक झाली, पण धोका गेलेला नाही.

उपाय क्रूर वाटेल. सोबत घेतलेला पॉन असेल तर त्याला निरोप द्या. मुख्य पॉन असेल तर त्याला उचलून खोल पाण्यात टाका, ब्राइन त्याला नेईल, आणि रिफ्टस्टोनपाशी बोलावल्यावर तो बरा होऊन येईल. वस्तीत झोपण्याआधी तिघांच्या चेहऱ्यावर एकदा कॅमेरा फिरवा. पाच सेकंदांचं काम आहे. ‘आज हा हाकच ऐकत नाहीये’ अशी शंका लढाईत आली, तर स्किलला दोष देण्याआधी डोळे तपासा.

जाता जाता ट्रिकस्टर

वर जे सगळं सांगितलं ते हाताला लागायला वेळ लागत असेल, तर गेममधल्या बटाल या प्रदेशात पोचल्यावर मिळणारा ट्रिकस्टर हा पेशा दहा-बारा तास खेळा. बहुतेक खेळाडू त्याला नाकं मुरडतात, कारण त्याच्याकडे शत्रूला थेट मारण्यासारखं जवळजवळ काही नाही. हातात एक धूपपात्र असतं. त्यातल्या धुरातून तुमची छाया उभी करायची, शत्रू तिच्यावर तुटून पडतात, आणि मारायचं काम सगळं पॉनवर. पॉनची ताकद वाढवणारा धूर आहे, आणि कड्यापलीकडे खोटी जमीन पसरवणारंही एक स्किल आहे.

पहिल्या दोन तासांत मी हा पेशा सोडायच्या बेतात होतो. तिसऱ्या तासाला एका कड्याजवळ डाकूंच्या टोळीने गाठलं. मी पॉनना माझ्याकडे बोलावलं, खोटी जमीन पसरली, तिच्या मधोमध माझी छाया उभी केली आणि मागे सरकलो. डाकू ओरडत छायेकडे धावले आणि एकेक करून खाली गेले. तिघं पॉन माझ्या शेजारी शस्त्रं उपसून उभे होते, आणि त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं.